‘स्वॅट’चा वारसा फक्त पडद्यावरचा नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘स्वॅट’ या जुन्या अमेरिकन पोलीस मालिकेवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. स्टीव्ह फॉरेस्टचा होंडो, रॉबर्ट युरिकचा तरणाबांड जिम स्ट्रीट, रॉड पेरीचा डीकन या सगळ्यांची आठवण लेखकाने फार प्रेमाने काढली आहे. मात्र वारसा म्हणून २००३चा चित्रपट आणि २०१७ ते २०२५ चाललेली शेमार मूरची नवी मालिका एवढ्यावरच लेख संपतो. त्यात राहून गेलेली बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, म्हणून हे पत्र.

‘स्वॅट’ (स्पेशल वेपन्स अँड टॅक्टिक्स) हे लॉस एंजेलिस पोलिसांचे खास सशस्त्र पथक मालिकेच्या आधीचे आहे. १९६५मध्ये त्याच शहरातल्या वॉट्स भागातील दंगलीत ३४ माणसे गेली, पुढच्या वर्षी टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एकाने गोळीबार केला, आणि अशा प्रसंगी गस्तीवरचा साधा शिपाई काही करू शकत नाही हे उघड झाले. त्यातून १९६७च्या सुमारास पथक उभे राहिले. १७ मे १९७४ रोजी त्याने पूर्व ५४व्या रस्त्यावरच्या एका घराला वेढा घातला. आत सिम्बायोनीज लिबरेशन आर्मी या जहाल डाव्या सशस्त्र गटाचे सहा जण होते. तुफान गोळीबार झाला, घराने पेट घेतला, सहाही जण मेले. हे सारे टीव्हीवर थेट दिसत होते. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, फेब्रुवारी १९७५मध्ये, एबीसी वाहिनीवर ‘स्वॅट’ सुरू झाली. हा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय ती मालिका कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मालिका चालली जेमतेम दोन हंगाम. त्या काळीही तिच्यातल्या हिंसाचारावर टीका झाली होती. पण शीर्षकात पथकातले जवान रायफली उचलून व्हॅनकडे धावतात ते दृश्य आणि ती धून लोकांच्या मनात कायमची बसली. १९७६च्या फेब्रुवारीत ती धून बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. पोलिसांच्या एका तुकडीला असे भाग्य क्वचितच लाभते! तासाभराच्या भागात गुन्हेगार अडून बसतो, पथक पोहोचते, प्रश्न मिटतो. त्यात वाट पाहण्याला जागाच नाही.

नेमक्या त्याच काळात न्यूयॉर्कचे पोलीस वाट पाहायला शिकत होते. जानेवारी १९७३मध्ये ब्रुकलिनमधल्या खेळाच्या सामानाच्या एका दुकानात बंदूकधाऱ्यांनी माणसे ओलीस धरली. एक पोलीस अधिकारी मारला गेला होता, संताप होता, तरी पोलीस आत घुसले नाहीत. मानसशास्त्राची पदवी असलेले तिथलेच पोलीस हार्वी श्लॉसबर्ग वेळ जाऊ द्या, बोलत राहा असे सांगत राहिले. ४७ तासांनी वेढा संपला. ओलीस छतावरून सुटले, बंदूकधारी शरण आले. त्याच सुमारास श्लॉसबर्ग आणि त्यांचे पोलीस सहकारी फ्रँक बोल्झ यांनी वाटाघाटी करणाऱ्यांचे पथक बांधले आणि पुढे जगभरच्या पोलिसांनी त्यांचे धडे गिरवले. या माणसांवर कुणी धून बांधली नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने २०१४मध्ये अमेरिकेतल्या स्वॅट पथकांच्या आठशेहून अधिक कारवाया तपासल्या. ओलीस, अडून बसलेला बंदूकधारी किंवा बेछूट गोळीबार असे प्रसंग त्यांत अवघे ७ टक्के निघाले. बहुतेक वेळा पथक गेले होते ते झडतीचे वॉरंट घेऊन, तेही मुख्यतः अमली पदार्थांसाठी. ज्या कामासाठी पथक जन्मले ते काम असे मागे पडले. दार फोडणारे पोलीस लोकांना इतके ओळखीचे वाटू लागले, त्यात टीव्हीचा हात नाही असे कसे म्हणावे?

कारवाई थेट पडद्यावर आली की काय होते, ते २६/११ला मुंबईनेही पाहिले. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या निकालात त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला नियमाने बंदी यायला मात्र २०१५ उजाडले.

लेखकाला माझी विनंती आहे की या लेखाचा दुसरा भाग लिहावा, आणि तो श्लॉसबर्ग व बोल्झ यांच्यावर असावा.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे