पिशवीवरची फुटकी अक्षरं

संपादक महोदय,
दुधाच्या पिशवीवरचा बारीक मजकूर वाचता येत नाही, छपाईवाले शाई वाचवतात, असं एका वाचकाचं पत्र तुमच्या पेपरात आलं होतं. मी याच धंद्यातला. तक्रार खरीये, पण शाई वाचवून अक्षर असं फुटत नाही हो, उलट शाई जास्त झाली किंवा दाब वाढला की 'ळ' आणि 'क्ष'ची पोटं भरतात.

या पिशव्या बऱ्याचदा फ्लेक्सो नावाच्या छपाई मशीनवर छापतात. रबरी शिक्क्यासारखी उठावाची प्लेट, आणि तिला शाई देणारा अ‍ॅनिलॉक्स रोलर, त्यावर एवढे बारीक खड्डे असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यात मावेल तेवढीच शाई पुढे जाते. आता लेसरने कोरलेले सिरॅमिकचे रोलर आलेत, सपाट माथ्याच्या ठिपक्यांच्या प्लेट आल्यात (छापलेला फोटो म्हणजे बारीक ठिपकेच असतात), आधी ठिपक्याचा माथा गोल असायचा, जरा दाबलं की पसरायचा, आता बराच जागेवर राहतो. फोटो तर रोटोच्या, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरच्या छपाईच्या जवळपास येतो, आणि रोटोला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो, तो खर्च छोट्या मसालेवाल्याला कुठून झेपणार?

मग अक्षरं का फुटतात? तर डिझाइनमुळे. पार्टीला गाईचा फोटो झकास हवा, आणि घटक, पत्ता वगैरे त्याच 4 रंगांच्या फोटोत पांढऱ्या बारीक अक्षरात. पिशवीची प्लास्टिक फिल्म छापताना ताणते, एखादा रंग केसभर सरकला तरी ती बारीक अक्षरं बुजतात. एकाच गडद रंगात पांढऱ्या पट्टीवर द्या म्हटलं तर म्हणे लूक जातो! 2011 च्या पॅकेज नियमांत अक्षरांची किमान उंची दिलीय, पण उंची पाळून सुद्धा न वाचता येणारं छापता येतं, आम्ही रोज छापतो. बारकोडचंही तेच, रेघा फिल्म धावते त्या दिशेने ठेवा म्हणून सांगून थकलो, आडव्या ठेवल्या की जाड होतात आणि मग दुकानात स्कॅन होत नाहीत.

आणि हो, तारीख आमच्याकडे छापतच नाहीत, ती डेअरीत दूध भरताना पडते, तिचं बिल आमच्यावर फाडू नका.

डेअरीवाल्यांना एवढंच सांगणं, डिझाइन स्क्रीनवर झूम करून पास करू नका, खऱ्या साइजचं प्रूफ काढा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचायला द्या.

- एक फ्लेक्सो ऑपरेटर, भोसरी