बॅगा भरण्याआधी एवढे वाचा

एडिंबरा,
१९ एप्रिल २०२६

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

माझ्याकडे येताना बॅगांत काय भरायचे आणि काय नाही, हे सगळे फोनवरही सांगता आले असते. पण फोनवर बाबा ‘बरं, बरं’ म्हणतात आणि शेवटी स्वतःच्याच मनाप्रमाणे करतात, आणि आई फोन ठेवल्याबरोबर ताईला लावून ‘ती नेमकं काय म्हणाली गं?’ असे विचारते, हे मला ताईनेच सांगितले आहे. म्हणून लिहून पाठवते आहे. ताईला याची प्रत काढून फ्रिजवर चिकटवायलाही सांगितले आहे.

आधी तारखांचे बोलते. ऑगस्टऐवजी मे महिन्याची तिकिटे मी तुम्हाला पुरते न विचारता काढली, याचे आईला थोडे लागले आहे हे मला कळते. पण ते उगाच केलेले नाही. स्कॉटलंडमध्ये पाऊस बाराही महिने असतो, त्यातल्या त्यात एप्रिल, मे आणि जून हे महिने कोरडे आणि उजेडाचे. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात तर वर्षातले सगळ्यांत जास्त ऊन बहुतेक वेळा मे महिन्यातच पडते. पुढे उन्हाळा चढला की त्याच भागात मिज नावाच्या चिलटांचे थवेच्या थवे माणसांवर तुटून पडतात. ऑगस्टमध्ये इथे नाट्यमहोत्सवाची एवढी गर्दी होते की फुटपाथवर धड चालता येत नाही, आणि आईच्या गुडघ्यांना त्या धक्काबुक्कीत उभे करायची माझी तयारी नाही. शिवाय मे महिन्यात साताऱ्यात पत्रा तापून बाबांची दुपार कशी जाते ते मी पाहिलेले आहे. हापूस चुकणार म्हणून बाबांनी हळहळू नये. इथल्या भारतीय दुकानात पेट्या येतात, आणि एक मी आत्ताच सांगून ठेवली आहे. राहता राहिला अधिक ज्येष्ठ. तो १७ मेला लागतो, तेव्हा तुम्ही इथेच असाल. आई, जावयाला वाण देण्यासाठी जावयाच्याच घरी यावे लागले, तर त्यात अडण्यासारखे काही नाही. उलट कुरियरचा खर्च वाचला.

आता थंडीविषयी. मे महिन्यात एडिंबऱ्यात दुपारचे तापमान साधारण १४ ते १५ अंश असते आणि पहाटे ते ६–७ अंशांपर्यंत उतरते. हे आकडे वाचून आईने घाबरू नये आणि बाबांनी ‘एवढंच ना?’ असेही म्हणू नये, कारण खरा खोडकर आहे तो वारा. हवा १० अंशांची असली आणि वारा ताशी ४० किलोमीटरने वाहत असला, तर अंगाला ती ६ अंशांची वाटते, आणि ताशी ४० हा वेग इथे कोणी बोलून दाखवण्याइतकाही समजत नाही. पावसाचेही तसेच. इथे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे महाबळेश्वराच्या जुलैपुढे काहीच नाही. पण आपला पाऊस सांगून येतो आणि मुक्काम ठोकतो, इथला मात्र दिवसातून चार वेळा येतो, आडवा येतो आणि दहा मिनिटांत ऊन पडते. सज्जनगडाच्या पायऱ्यांवर बाबांच्या छत्रीचे जे झाले होते, ते इथे प्रत्येक छत्रीचे होते. म्हणून छत्र्या आणू नका. एकही नको.

गेल्या मे महिन्यात आम्ही पोर्टोबेलोच्या किनाऱ्यावर गेलो होतो. लख्ख ऊन, मुले वाळूत उघडी खेळत होती, माणसे आइस्क्रीम खात बसली होती. अर्ध्या तासात समुद्रावरून पांढरे धुके आत सरकले. उबदार हवा थंडगार उत्तर समुद्रावरून येताना तिचे धुके होते, आणि इथले लोक त्याला ‘हार’ म्हणतात. बघता बघता पाण्याची कड दिसेनाशी झाली आणि अंगावर काटा आला. पण जागेवरून कोणी उठले नाही. सगळ्यांनी आपापल्या पिशवीतून पातळ कोट काढला, गळ्यापर्यंत चेन ओढली, डोक्यावर टोपडे घेतले आणि आइस्क्रीम पुढे चालू. तुमच्या बॅगा कशा भरायच्या ते त्या माणसांकडे पाहून मला नीट उमगले.

बाबा, तुमचा तो केदारनाथचा ओव्हरकोट घरीच राहू दे. त्याच्याशी तुमच्या किती आठवणी जोडलेल्या आहेत ते मला माहीत आहे आणि कोट अजून उत्तम आहे यातही वाद नाही. पण तो एकटाच चार किलोचा आहे, भिजला की सहा किलोचा होईल, आणि मुख्य म्हणजे त्यात मधला मार्ग नाही. घातला की घाम, काढला की हुडहुडी. इथे घरे, बस, दुकाने सगळी आतून २० अंशांच्या आसपास गरम ठेवलेली असतात, त्यामुळे दिवसभर घाला-काढा चालते. ऊब कापडापेक्षा दोन कपड्यांमध्ये अडकून राहिलेल्या हवेची असते, म्हणून एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे बरे: अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि सगळ्यांत वर पाणी-वारा अडवणारे जाकीट. अंगालगत सुती बनियन घालू नका. सूत घाम पिऊन ओले राहते आणि ते ओलेपणच गारवा देते. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब धरून ठेवते. हे मी नव्याने शिकवते आहे असे नाही. आपल्या आजोबांची घोंगडी पावसात डोक्यावर घेऊन शेतावर जाणारे तुम्हीच होतात.

थर्मलचे प्रत्येकी दोन जोड आणि ती वरची जाकिटे मी घेऊन ठेवली आहेत. बाबांचे गडद निळे आणि आईचे मोरपंखी. किंमत विचारू नका, सांगणार नाही. तुम्ही आणायचे ते एवढेच: सांगलीच्या मावशीने विणलेले दोन्ही स्वेटर, आणखी एकेक पातळ स्वेटर, कानटोप्या, आईची पश्मिना शाल आणि लोकरीचे पायमोजे. बाबांची माकडटोपी चालेल, तिला इथे कोणी हसणार नाही. हसले तर मी आहे.

आई, साडीचे मी बराच विचार करून लिहिते आहे, तेव्हा रागावू नकोस. घरात, देवळात, कोणाकडे जेवायला जाताना साडीच नेस, मलाही तू साडीतच हवी आहेस. त्यासाठी परकराच्या आत थर्मलची विजार घाल आणि ब्लाउजऐवजी लांब बाह्यांचा, गळाबंद पातळ स्वेटर घालून त्यावर पदर घे. माझ्या इथल्या मराठी मैत्रिणी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला असेच नेसतात आणि ते छान दिसते. पण ज्या दिवशी बाहेर हिंडायचे असेल, त्या दिवशी पंजाबी ड्रेस. ओल्या रस्त्यावरून चालताना साडीचा काठ पाणी ओढत ओढत गुडघ्यापर्यंत चढतो, वारा निऱ्या विस्कटतो, आणि त्या सावरताना तुझा पाय घसरला तर मी काय करू? गडद रंगाचे तीन ड्रेस पुरेत. ओढणी नको, शाल आहेच.

बूट मात्र तिथेच घ्या आणि आजच घ्या. पाणी आत न शिरणारे, तळव्याला खोलगट नक्षी असलेले, आणि लोकरीचा मोजा घालून मापलेले, म्हणजे नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे. घेतल्यावर खोक्यात ठेवू नका. रोज संध्याकाळी ते घालून टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत जाऊन या, म्हणजे जे फोड यायचे ते तिथेच येऊन जातील. लहानपणी जूनमध्ये शाळेचे बूट भिजले की आई त्यात रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायची आणि सकाळी माझे मोजे इस्त्रीने कोरडे करून, गरम गरम असतानाच पायात चढवायची. इथे आल्यापासून पावसात भिजून घरी आले की दर वेळी तेच मोजे आठवतात. या खेपेला तुझे मोजे मी रेडिएटरवर गरम करून ठेवीन.

आता औषधे, आणि इथे कोणाचेही काही ऐकून घेणार नाही. थंड हवेत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढू शकतो, म्हणून बाबांनी निघण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवून यायचे आहे. ‘मला काही होत नाही’ हे वाक्य तिथे म्हणायचे नाही. दोघांचीही पूर्ण मुक्कामाची आणि वर पंधरा दिवसांची औषधे मूळ पाकिटांसकट हातातल्या बॅगेत ठेवा. आईचे इन्सुलिन तर विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात अजिबात टाकू नका, तिथे ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन कामाचे राहत नाही. डॉक्टरांकडून शिक्क्याची चिठ्ठी घ्या आणि तिच्यावर औषधांची मूळ नावे लिहून घ्या, कारण आपल्याकडची कंपनीची नावे इथल्या दुकानदाराला कळत नाहीत. विम्याच्या अर्जात बाबांची अँजिओप्लास्टी लिहायचीच आहे. ती लपवून हप्ता वाचवायचा सल्ला ज्यांनी दिला, त्यांना माझा नमस्कार सांगा.

खाण्याच्या बाबतीत मन मोडते आहे, पण नियम माझे नाहीत. भारतातून दूध किंवा दुधाचे पदार्थ इथे आणायला बंदी आहे, म्हणून मोती चौकातले कंदी पेढे आणि घरचे कढवलेले तूप दोन्ही राहू द्या. तूप इथल्या लोण्याचे मी कढवते आणि ते आईला आवडेल अशी मला आशा आहे. सुके खोबरे तेलकट असते आणि पेट घेऊ शकते, म्हणून ते विमानाच्या सामानातच चालत नाही. अनारशाचे पीठ मात्र जरूर आण. तेहतीस अनारसे आपण इथे तळू. पण आई, त्याबरोबर खसखशीची पुडी बांधू नकोस, चिमूटभरसुद्धा. आखातातल्या काही देशांत खसखस बाळगणे हा गुन्हा समजतात, आणि तुमचे विमान आखातातच बदलते. खसखस इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. कांदा-लसूण मसाला, भाजणी आणि मेतकूट चालेल. दोन-दोन पिशव्यांत घट्ट बांध, नाहीतर बंडूमामाच्या होल्डॉलसारखे व्हायचे.

बाकीची काळजी करू नका. घर तळमजल्यावर आहे, जिना नाही. तुमच्या खोलीतला हीटर वेगळा लावता येतो. संडासात पाण्याची सोय नसते हे आईने कोणाकडून तरी ऐकले आहे, पण आमच्याकडे जेट बसवलेला आहे आणि तरी तांब्याही ठेवला आहे. आंघोळीला बादली घेतली आहे. सकाळी पाचला उजाडते, म्हणून खिडकीला काळे पडदे लावले आहेत. मावळायला मात्र रात्रीचे सव्वानऊ वाजतात आणि पुढे पुढे पावणेदहा, तेव्हा दिवेलागणीची वाट पाहत बसलात तर जेवायला उशीर होईल. दिवा आपण घड्याळाप्रमाणे सातला लावू. चहाचे आले किसून फ्रीजरमध्ये ठेवले आहे. बाबांना फोर्थच्या खाडीवरचा रेल्वेचा पूल आणि नावा उचलणारे फॉल्कर्कचे चाक दाखवायचे आहे. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाने ते चाक पाहिलेच पाहिजे. स्काय बेटावरचा मुक्काम मी रद्द केला आहे. तिथे दिवसभर गाडीत बसून जावे लागते, आणि धुके उतरले तर एवढे जाऊन काहीच दिसत नाही. त्याऐवजी आगगाडीने डोंगरातले ग्लेनफिनन करू, गाडीच्या खिडकीतून सगळे दिसते आणि डबा गरम असतो. बाबांचा हिरमोड झाला असेल तर त्यांनी तो इथे आल्यावर, चहाबरोबर व्यक्त करावा.

शेवटची दोन कामे. दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत अर्धे-अर्धे वाटून भरा, म्हणजे एखादी बॅग मागे राहिली तरी कोणाचे अडणार नाही. एकेक जोड कपडे, कानटोप्या आणि शाल हातात, कारण विमानातही गारठते. पॉवर बँकही हातातच. चाकाची खुर्ची मी दोघांसाठी सांगितली आहे आणि बाबांनी तीत बसायचे आहे. विमानतळ फार लांबलचक असतात, त्यात मानापमानाचा प्रश्न येत नाही. बॅगा भरून झाल्या की झाकण लावण्याआधी उघड्या बॅगांचा फोटो काढून ताईकडून मला पाठवा. काय काढायचे ते मी सांगीन, आणि त्या वेळी वाद घालू नका.

दोघांना पुन्हा नमस्कार.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, दोन उशा आणि गोधडी मी धरून चालते आहे की तू आधीच भरल्या असतील. उशा काढ. गोधडी राहू दे.