विषय : ‘केकसाठी’ म्हणून विकलेली सोनेरी डस्ट आणि स्टिकरखाली झाकलेली सूचना

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलाने माझं बोलणं चालू असताना फोन ठेवला, म्हणून लेखी कळवते आहे.

माल तुम्हाला माहीत आहे. तुमची सोनेरी लस्टर डस्ट, म्हणजे केकवर चमक आणायची पूड; छोटी गोल डबी, झाकणावर केकचं चित्र. तुमच्या वेबसाइटवर ती जेल कलर आणि शुगर बॉल्सच्या शेजारी, खाण्याच्या सजावटीत आहे. बुडाला तुमचा स्टिकर : किंमत, हिरवा ठिपका, तुमचा १४ आकडी परवाना क्रमांक, आणि घटकांच्या जागी नुसतं ‘फूड ग्रेड कलर’. त्या स्टिकरखाली मूळ उत्पादकाने छापलेली ओळ आहे : नॉन-टॉक्सिक, केवळ सजावटीसाठी, खाण्यापूर्वी काढून टाकावे. तुमचा स्टिकर बरोबर त्या ओळीवर चिकटवलेला आहे.

माझ्या भाचीच्या लग्नात रुखवतात मांडायला मी केक केला होता. खाली चौरंग, त्यावर घडी घातलेली मोरपंखी पैठणी, वर फोंडंटची, म्हणजे मळलेल्या साखरेच्या लगद्याची, नथ. तिच्या आजीची येवल्याची पैठणी समोर ठेवून पदरावरचे मोर आणि नारळी काठ उतरवून घेतले. उन्हाळ्यात फोंडंट बसू नये म्हणून आत दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम असं घट्ट गनाश लावलं. जरीची चमक दिसायला हवी म्हणून तुमची डस्ट व्होडकाच्या थेंबात कालवून बारीक ब्रशने एकेक रेघ भरली. लग्नाच्या आदल्या रात्री दुसरी डबी काढली. तिचा स्टिकर तिरका लागला होता, म्हणून खालची ओळ दिसली. मग पहिल्या डबीचा स्टिकर सोलला. तिथेही तीच ओळ.

फोंडंटवर ओला भरलेला रंग पुसून निघत नाही. सगळा काठ आणि अख्खा पदर कापून काढावा लागला आणि पहाटेपर्यंत जागून पिवळ्या फोंडंटच्या पट्ट्या लावाव्या लागल्या. मोर परत झालेच नाहीत.

आता आजच्या फोनबद्दल. मी विचारलं, यात नेमकं काय आहे? उत्तर आलं, “मॅडम, नॉन-टॉक्सिक आहे, म्हणजे सेफच ना.” मी सांगितलं, नॉन-टॉक्सिक म्हणजे खाण्यायोग्य नव्हे; खडू आणि पोस्टर कलरवरही तेच लिहिलेलं असतं. त्यावर तो म्हणाला, “एक माणूस खाऊन खाऊन किती खाणार? चिमूटभर.” मी म्हटलं, लग्नात लहान मुलं असतात, काठाचा चमकणारा तुकडा तीच आधी मागतात. मग त्याने विचारलं, “तुमचं दुकान आहे का?” मी म्हटलं, नाही, घरचं लग्न. “मग घरच्या केकचं लेबल कोण बघतंय मॅडम?” हे वाक्य त्याने हसत म्हटलं. मी वरिष्ठांना जोडायला सांगितलं, तर म्हणाला, “वरिष्ठपण हेच सांगतील,” आणि फोन ठेवला. घरच्या माणसांच्या पोटात काय जातं याची काळजी दुकानदाराने करायची, मावशीने नाही, असं तुमच्या कंपनीत शिकवतात का? तो कॉल रेकॉर्ड झाला असेल. तुम्ही स्वतः ऐका.

चिमूटभराचं काय होतं तेही सांगते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाच्या केकवर अशीच, खाण्यासाठी नसलेली डस्ट लावली होती. सहा मुलांना उलट्या झाल्या. ती डस्ट म्हणजे जवळजवळ निव्वळ तांब्याची पूड होती. तिथल्या सरकारी रोग नियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये हे प्रसिद्ध केलं आहे. तुमच्या डबीत तांबं आहे, पितळ आहे की अभ्रक, हे मला माहीत नाही, कारण तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे काजूकतलीवरच्या वर्खाची चांदीसुद्धा ९९९ शुद्धतेची लागते. मग काठभर सोनेरी पूड खाऊ घालणाऱ्याला घटक सांगायला काय हरकत आहे?

मी केकचे क्लास घेते. माझ्या सामानाच्या यादीत तुमचे एसेन्स आणि जेल कलर आजवर नावानिशी असायचे, आणि बायका माझ्या शब्दावर ते घ्यायच्या. त्या सगळ्यांना मी आता फोन करून ही डस्ट टाकून द्यायला सांगते आहे. हे काम तुमचं होतं. तुमचं नाव यादीतून काढताना मला वाईट वाटलं.

पुन्हा लिहिते, म्हणजे पैसे परत करून विषय मिटला असं कोणी समजणार नाही : माझी तक्रार स्टिकरची आहे. खाऊ नका ही सूचना झाकून त्यावर हिरवा ठिपका लावला, ही माझी तक्रार आहे. डस्टचे आणि वाया गेलेल्या फोंडंटचे पैसे तर द्याच. पण डबीतले घटक लेखी कळवा, हा माल बाजारातून परत घ्या, आणि ज्यांनी ऑनलाइन घेतला त्या प्रत्येकाला कळवा. त्यांचे नंबर तुमच्याकडे आहेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करीन. अन्नसुरक्षा कायदा २००६ च्या कलम ५२ खाली चुकीच्या लेबलला तीन लाखांपर्यंत दंड आहे. धोक्याची सूचना न देणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही बसतं, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे वकिलाशिवाय जाता येतं. दुसरी डबी मी उघडलेली नाही. तिरक्या स्टिकरसकट ती पुरावा म्हणून ठेवली आहे. बॅच क्रमांकाचा फोटो आणि बिल सोबत जोडलं आहे.

एक ग्राहक,
नाशिक