आरती म्हणता येते, पाणी मागता येत नाही

महोदय,

पक्षाघातानंतर वाचा बसलेला माणूस आरती किंवा हरिपाठ मात्र सलग म्हणतो, तेव्हा घरचे लोक एक तर त्याला चमत्कार समजतात, नाही तर ‘येतं सगळं, मनावर घेत नाहीत’ असा दोष त्याच्याच माथी मारतात. हा दुसरा समज तर क्रूरच म्हणावा लागेल. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याची जुळणी डाव्या बाजूला होते. चाल आणि वर्षानुवर्षे पाठ असलेले शब्द उजव्या बाजूच्या आधारानेही उमटू शकतात. अशा रुग्णाची नोंद स्वीडनमध्ये १७४५ सालीच झालेली आहे.

यावर आधारलेली ‘मेलॉडिक इंटोनेशन थेरपी’, म्हणजे सुरांच्या आधाराने बोलते करण्याची उपचारपद्धती, बोस्टनमधील अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी १९७३ मध्ये मांडली. तिच्यात गाणी म्हणवून घेत नाहीत. रोजच्या गरजेचे एखादे छोटे वाक्य दोनच सुरांत, संथपणे, रुग्णाच्या डाव्या हाताने अक्षरागणिक ठेका धरून, आधी उपचारतज्ज्ञाबरोबर व नंतर एकट्याने म्हणवून घेतात आणि सूर हळूहळू काढून घेत ते साध्या बोलण्यावर आणतात. समज बऱ्यापैकी शाबूत असून शब्द फुटत नाहीत, अशा रुग्णांसाठी ती आहे. सराव केलेली वाक्ये सुधारतात, नव्या वाक्यांपर्यंत तो लाभ कमीच पोहोचतो. आणि खरे काम सुरापेक्षा लय व सवयीचे शब्द करतात, असे जर्मनीतील २०११ च्या एका अभ्यासात दिसले.

या उपचारात इंग्रजी वाक्याचा वरचा आणि खालचा सूर शब्दातील आघातावरून, म्हणजे कोणत्या अक्षरावर जोर येतो त्यावरून, ठरतो. मराठीत आघात तितका ठळक नसल्याने ती इंग्रजी वाक्ये नुसती भाषांतरित करून भागणार नाही. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाचा-श्रवण संस्थेसारख्या ठिकाणी वाचा-उपचारतज्ज्ञ घडतात. मराठी वाक्यांचे संच तिथे तयार व्हावेत आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचावेत. घरी सोडताना फिजिओथेरपीबरोबर वाचा-उपचाराचीही चिठ्ठी मिळावी. ती मिळाली नाही, तर नातेवाइकांनी मागून घ्यावी आणि रुग्ण घरात कोणाला काय म्हणून हाक मारतो, दिवसभरात त्याला काय काय मागावे लागते, हे लिहून पहिल्याच भेटीत तज्ज्ञाकडे द्यावे.

आपला,
एक वाचक, सातारा