चिकू एकटा खाली जाईल का?

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतीस आणि मलाही धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. शनिवारी आपण बघितलेला तळोज्याचा फ्लॅट चांगला आहे. हवा खेळती, स्वयंपाकघराला मोठी खिडकी, हप्ता तुम्हा दोघांना झेपेल असा. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला काळजी आहे ती चिकूच्या खेळण्याची. आज तो चार वर्षांचा आहे. आठ वर्षांचा होईल तेव्हा संध्याकाळी पायात चपला सरकवून "आई, खाली जातो गं" म्हणत एकटा निघू शकेल का? ती जागा बघून मला तरी तसं वाटलं नाही.

ते पोडियमवरचं गार्डन तुला आवडलं. तुम्ही सेल्स ऑफिसात बोलत होतात तेव्हा मी तिथेच उभी होते. लाल-निळं रबरी फ्लोअरिंग, दोन झोपाळे, एक घसरगुंडी, कुंड्यांमधली पामची झाडं. खाली सगळे मजले गाड्यांचे. अकराच्या उन्हात चिकूने घसरगुंडीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. भिंतीवर बोर्ड होता: चेंडू खेळण्यास सक्त मनाई, सायकल चालवण्यास मनाई, बारा वर्षांवरील मुलांनी खेळणी वापरू नयेत. चार वर्षांच्या पोराचं तिथे भागेल. आठ वर्षांच्याने काय करायचं? झोपाळ्याची हौस दहा मिनिटांत फिटते गं. मग मुलांना आडोसे लागतात. डब्बा ऐसपैसला लपायला जिन्याखालची जागा लागते, लगोरीला फुटक्या फरशीचे तुकडे लागतात, पडलं तर खरचटेल पण मोडणार नाही अशी माती लागते. आणि थोडं दूर, हाक मारली तर ऐकू येईल इतकं, मोठ्यांचं लक्ष लागतं. सहाव्या मजल्यावर कठड्याशी खेळणाऱ्या मुलांना आपण क्षणभरही नजरेआड करणार नाही.

निखिल गाडी काढेपर्यंत मी चिकूचा हात धरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत गेले. रस्ता रुंद आहे, सरळ आहे, म्हणूनच डंपर तिथे सुसाट सुटतात. फूटपाथवर मधेच विजेची डीपी, पुढे खडीचा ढीग, त्यामुळे दोनदा रस्त्यावर उतरावं लागलं. दुकान पलीकडे, आणि दुभाजकाला तिथे कुठे फटच नाही. म्हणजे अर्धा लिटर दूध आणायचं तरी गाडी काढायची.

तू वाढलीस ती वाशी काही स्वर्ग नव्हता. पाण्याची ओरड होती, डास होते. पण शाळा, भाजीवाला, मैदान, सगळं सेक्टरातल्या सेक्टरात होतं, आणि सातव्या वर्षी तू एकटी मैदानावर जायचीस. ते आपोआप घडलेलं नव्हतं. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली तेव्हा हे शहर आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पायी चालणारी माणसं होती. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज आठवतंय ना? चार्ल्स कोरिया सुरुवातीला सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार होते. त्यांनी १९८० च्या दशकात ती वसाहत आखली. सात घरांच्या मधोमध साधारण ८ मीटर लांबी-रुंदीचं अंगण. असे तीन पुंजके, म्हणजे २१ घरं मिळून १२ मीटरचं मोठं अंगण, आणि त्याहून मोठं त्याच्याही पुढे. रांगणारं मूल दाराशी खेळतं, जरा मोठं झालं की पुढच्या अंगणात जातं, मग त्याच्या पुढच्या. मूल वाढतं तसं त्याचं अंगण वाढतं. घर बघताना मला हेच बघायचं असतं, आणि तुम्हाला दाखवलेल्या चकचकीत पुस्तिकेत नेमकं तेवढंच नव्हतं.

कागदावरचंही बघ. बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे असतात. त्यात आरजी, म्हणजे खेळायला-फिरायला मोकळी सोडायची जागा, कुठे दाखवलंय, जमिनीवर की पोडियमवर, आणि गार्डन कोणत्या टप्प्यात आहे ते शोध. शेवटच्या टप्प्यातलं गार्डन तयार होईस्तोवर चिकूला मिसरूड फुटेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं होतं की नियमाने सोडायची मनोरंजनाची जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची त्यात धरता येणार नाही. निकाल मुंबईच्या नियमावलीवरचा आहे, पण विचार मला शंभर टक्के पटतो.

आणि राखीव म्हटलेली जागाही राखावी लागते. घणसोलीत क्रीडा संकुलासाठी ठेवलेली २० एकर जागा घरबांधणीकडे वळवून संकुल पार रायगडातल्या माणगावला न्यायचं ठरलं होतं. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. घणसोलीच्या पोराने खेळायला माणगावला जायचं कसं, हा साधा प्रश्न कोर्टापर्यंत न्यावा लागला याचा मला अजून राग येतो.

निखिल म्हणाला, "गाडी आहे ना, टर्फवर नेऊ." नेईल तो, त्याच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण तुम्ही दोघं आठला घरी येता. सहा वाजता चिकूला टर्फवर कोण नेणार? जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल असं हुंदडावं. शनिवार-रविवारी तासाच्या भाड्याने घेतलेल्या टर्फने ते भरून निघत नाही. शिवाय तिथे कोच टीम पाडतो, कोच भांडण सोडवतो. "आउट होतास", "नव्हतो" यावर गळा काढून भांडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मुलाला हाक मारायची, हे चिकूने कुठे शिकायचं?

तळोज्याच्या बाजूने एक गोष्ट मोठी आहे, मेट्रो. बेलापूर ते पेंधर गाडी १७ नोव्हेंबर २०२३ पासून धावते आहे आणि खारघरच्या सेंट्रल पार्कचं स्टेशन त्याच मार्गावर आहे. बारा-तेरा वर्षांचा चिकू मित्रांबरोबर तिथे सहज जाईल. फक्त बिल्डिंगपासून स्टेशनपर्यंत त्याला सुखरूप चालता आलं पाहिजे.

माझं मत विचारशील तर खारघरच्या जुन्या सेक्टरमधला, मैदानाजवळचा रीसेलचा फ्लॅट घ्या. एक खोली कमी चालेल, क्लबहाऊस नसलं तरी चालेल. फरकाची थोडी रक्कम आम्ही देऊ, बाबांची एफडी पुढच्या महिन्यात सुटते आहे. नाही म्हणू नकोस.

पण ठरवायच्या आधी तळोजा पुन्हा एकदा बघू. शनिवारी सकाळी काही कळत नाही, मुलं संध्याकाळी खेळतात. येत्या बुधवारी अर्धा दिवस रजा टाक. साडेचारला पेंधर स्टेशनबाहेर भेटू, गाडी आणू नका. तिथून बिल्डिंगपर्यंत चिकूला चालू दे, त्याला उचलायचं नाही. मग मेट्रोने खारघरला उतरू. बाबांनी तिथल्या ब्रोकरकडून सहाची वेळ घेतली आहे. चिकूला निघताना पोटभर खायला घाल आणि बूट घाल, सँडल नको.

तुझी,
आई