नोट ४ की नोट ५ प्रो?

पुणे

प्रिय श्रीशैल,

तुझं पत्र मिळालं. सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात दोन जुने मोबाईल दाखवले, रेडमी नोट ४ आणि रेडमी नोट ५ प्रो, आणि अक्कलकोट रोडच्या कारखान्यातल्या काउंटरसाठी त्यातला कुठला घ्यावा, हा तुझा प्रश्न. काम काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर चादरी-टॉवेलच्या डिझाईनचे फोटो पाठवायचे, यूपीआयचे पैसे आले का बघायचं आणि दिवसभर फोन घ्यायचे. आधी निकाल सांगतो: नोट ५ प्रो. पण दुकानदार ज्या आकड्यांवर तो गळ्यात मारेल, त्या आकड्यांमुळे नाही.

ऐक बे, तो पहिल्यांदा स्क्रीन पुढे करेल. ५.५ इंच आणि ५.९९ इंच. हे माप कर्णाचं असतं. नोट ४ ची स्क्रीन १६:९, नोट ५ प्रोची १८:९. हिशेब केलास तर दोन्हींची रुंदी ६८ मिलिमीटरच्या आसपासच येते, नोट ४ चीच केसभर जास्त. प्रो फक्त साधारण १४ मिलिमीटर लांब आहे. अक्षरं मोठी दिसणार नाहीत, चॅटच्या ओळी तेवढ्या जास्त मावतील. यूट्यूबचा आडवा व्हिडिओ दोन्हींवर जवळपास तेवढाच, प्रोवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. शिवाय नोट ४ ची तीन बटणं स्क्रीनच्या खाली वेगळी आहेत, प्रोवर ती स्क्रीनवरच जागा खातात.

मग प्रोसेसर. नोट ४ मध्ये स्नॅपड्रॅगन ६२५, आठही कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) २.० गिगाहर्ट्झचे. प्रोमध्ये स्नॅपड्रॅगन ६३६, १.८ गिगाहर्ट्झ. कागदावर नोट ४ जास्त वेगवान वाटतो, आणि इथेच लोक फसतात. ६२५ चे सगळे कोअर कॉर्टेक्स ए५३ जातीचे, कमी वीज खाणारे पण साधे. सूचना ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने उरकणारे. ६३६ मधले चार कोअर ए७३ वर बेतलेले आहेत. एक सूचना अडकली की ते पुढची हातात घेतात. अ‍ॅप उघडणं हे बहुतेक एकाच कोअरवर पडणारं काम, त्यामुळे गिऱ्हाईक समोर उभं असताना फरक जाणवतो तो इथे. चिप दोन्ही एकाच, १४ नॅनोमीटरच्या बनावटीच्या. ६२५ थंड चालते हे मात्र खरं, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात ते काही कमी नाही.

खरा निकाल अँड्रॉइडवर लागतो. नोट ४ जानेवारी २०१७ चा. शाओमी कंपनीने त्याला मीयूआय (अँड्रॉइडवर चढवलेलं त्यांचं स्वतःचं आवरण) ११ पर्यंत आणलं, पण आतलं अँड्रॉइड ७.० वरच थांबलं. प्रो फेब्रुवारी २०१८ चा, तो अँड्रॉइड ९ पर्यंत पोचला. क्रोमची ११९ ही आवृत्ती अँड्रॉइड ७ साठी शेवटची. अँड्रॉइड ९ ला १३८ पर्यंत मिळाली. म्हणजे प्रोसुद्धा काठावरच आहे, त्याला तरुण समजू नकोस. दुसरी भानगड प्रमाणपत्रांची. असंख्य वेबसाइटी आपण खऱ्या आहोत हे पटवायला लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र वापरतात, आणि त्याचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ पासून पुढेच ओळखलं जातं. जुन्या फोनसाठी जी जोडव्यवस्था होती, ती ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. नोट ४ नेमका ७.० वर अडकलेला, म्हणून काही अ‍ॅप नेट चालू असूनही 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडून बसतात. तारीख-वेळ तपासून, राउटर बंद-चालू करून काही उपयोग नसतो. व्हॉट्सअ‍ॅप दोन्हींवर चालेल. तुझ्या बँकेचं अ‍ॅप मात्र दुकानात उभं राहूनच प्ले स्टोअरवर शोध. 'या डिव्हाइसवर चालत नाही' असं आलं तर तिथेच फोन परत ठेव.

कॅमेऱ्यात नोट ४ ला मागे १३ मेगापिक्सेलचा एकच, एफ/२.० (हा आकडा लहान तितका लेन्समधून उजेड जास्त), प्रोला १२ अधिक ५, मुख्य लेन्स एफ/२.२. दिवसाउजेडी चादरीचा रंग दोन्हीत बरा येतो. प्रोचा पुढचा कॅमेरा २० मेगापिक्सेलचा, त्याचा काउंटरवर काडीचा उपयोग नाही. जॅकार्डचा (विणतानाच नक्षी उमटवलेल्या चादरीचा) फोटो घेताना ट्यूबलाइटखाली घेऊ नकोस, लाल रंग मरतो. दाराशी चादर पसरून घे.

सिमचं नीट बघ. दोघांचाही दुसरा कप्पा सामायिक: एकतर दुसरं सिम नाहीतर मेमरी कार्ड. त्यात नोट ४ चा पहिला कप्पा मायक्रो सिमचा आहे, आजचं नॅनो सिम तिथे प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवावं लागतं. चौकट सैल असली तर ट्रे ओढताना ती आतल्या पिनांत अडकते, पिना वाकतात आणि 'नो सिम' सुरू होतं. प्रोमध्ये दोन्ही जागी नॅनो. आणखी एक: नोट ४ वर ४जी एका वेळी एकाच सिमवर चालतं, आणि जिओला तर २जी-३जी नाहीच. दोन सिम ठेवणार असशील तर तुझी दोन्ही सिम घालून दोन्हींवर फोन लावून बघ. ५जी आणि एनएफसी (फोन टेकवून पैसे देण्याची सोय) दोन्हींत नाही. मायक्रो यूएसबी, हेडफोनचं भोक आणि रिमोटचा इन्फ्रारेड दोन्हींत आहे.

बॅटरी ४१०० एमएएच की ४००० यावर वाद घालू नकोस, इतक्या वर्षांनी तो आकडा इतिहासजमा. बदलायची तयारी ठेवूनच घे. नोट ४ (स्नॅपड्रॅगन) ची बॅटरी बीएन४३, प्रोची बीएन४५. नोट ४ च्या मीडियाटेक चिपवाल्या भावाला बीएन४१ लागते, ती मिस्त्रीने चुकून आणली तर घेऊ नकोस. त्याच मापाच्या बॅटरीवर ५००० लिहिलेलं असेल तर लेबल खोटं. मागचं झाकण उघडण्याआधी सिम ट्रे बाहेर काढायला सांग. बोटाच्या ठशाची पट्टी झाकणाला जोडलेली असते, झटका दिला की तुटते. आणि शेडच्या पत्र्याखाली चार्जिंगला लावू नकोस. ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करणं म्हणजे ती फुगवणं. चार्जिंगच्या भोकात सुताचे तंतू बसतात, पिन अर्धवट जाते, फोन तापतो. लाकडी दातकोरणीने हलकेच काढायचे, सुईने कधीच नाही.

घेताना पाठ बघून घे. भारतात 'नोट ५' आणि 'नोट ५ प्रो' हे वेगवेगळे फोन आहेत. साध्या नोट ५ ला मागे एकच कॅमेरा आणि आत नोट ४ चाच ६२५. प्रोला उभे दोन कॅमेरे. डायलरवर *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) घे, मग इंग्रजीत केवायएम (KYM), एक जागा सोडून ते १५ आकडे, असा मेसेज १४४२२ वर पाठव. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं. *#*#६४६६३#*#* ने हार्डवेअर चाचणी उघडते: टच, स्पीकर, माईक, प्रॉक्सिमिटी (फोन कानाला लावला की स्क्रीन बंद करणारा सेन्सर) सगळं तपास. आधीच्या मालकाचं शाओमीचं 'मी' अकाउंट आणि गूगल अकाउंट त्याच्याच हातून काढून घे, आणि तुझ्यासमोर रीसेट करून पहिल्यापासून चालू करायला लाव. पासवर्ड मागितला तर व्यवहार नाही.

'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणाला तर प्रोच्या बाबतीत सावध राहा. त्यात अँटी-रोलबॅक आहे. जुनी रॉम (फोनचं मूळ सॉफ्टवेअर) टाकली की फोन कायमचा आडवा होतो. बाहेरची रॉम टाकलेला फोन तर नकोच, बँकेची अ‍ॅप तो ओळखतात आणि उघडत नाहीत.

प्रो ४ जीबी रॅम-६४ जीबी साठवणीचा मिळाला तरी पुरे, ६ जीबीसाठी जास्तीचे पैसे देऊ नकोस. आणि नोट ४ अगदीच मातीमोल देत असेल तर ४ जीबीवाला असेल तरच घे, ऑफिसात हॉटस्पॉट आणि एसीचा रिमोट म्हणून चालेल.

काकूंना नमस्कार. घेतलास की मॉडेल नंबरचा फोटो पाठव, बॅटरी कुठली लागेल ते सांगतो.

तुझा,
महेश