बागेचा विसावा

मिरज,
दि. ७ एप्रिल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

नाताळात घरी आला होतास तेव्हा रात्रीच्या जेवणानंतर तू म्हणालास, "बाबा, तुम्ही दाखवलेला देव मला हजेरी घेणारा वाटतो, आणि आता मी दमलो आहे." मी रागाने उठून गेलो आणि पुढचे दोन दिवस तुझ्याशी नीट बोललो नाही. त्या वाक्याचे उत्तर सापडायला मला साडेतीन महिने लागले. त्यातली पहिली गोष्ट ही, की तू चुकीचे बोलला नव्हतास.

आपल्या घरात विश्वास कामाच्या वाटेने आला. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन दवाखान्यात तुझे पणजोबा मलमपट्टीचे काम करीत, आणि परक्यांच्या जखमा धुता धुताच ते ख्रिस्ताकडे आले. त्यांची सेवा कृतज्ञतेतून आली होती. माझ्यापर्यंत येता येता तिचा हिशेब झाला. चर्चच्या मंडळीचा खजिनदार म्हणून जशी वही ठेवत असे, तशीच एक वही मी मनात देवासाठी ठेवली: एकही उपासना चुकलेली नाही, दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, वेळेवर दिला, शुक्रवारचा उपवास पाळला. अंगात ताप असताना तुला शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, पाठवले, ते तुला आठवत असेल. मला तर फारच आठवते. ते मी तुझ्यावरच्या प्रेमापोटीच केले, पण त्या प्रेमाच्या तळाशी भीती होती, की आपण थांबलो तर देवाचा हात आपल्यावरून निघेल.

ही भीती मला आपल्या द्राक्षबागेने दाखवली. दोन वर्षांपूर्वी बाजारभावाच्या लोभाने मी माल उतरल्या उतरल्या, बागेला विसावा न देता, खरड छाटणी, म्हणजे एप्रिलची छाटणी, उरकली होती. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काड्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटले, पण पुष्कळ काड्यांवर घड जिरून नुसती बाळी, म्हणजे वेलीचे तणावे, निघाली. शेजारच्या जुन्या बागायतदाराने मला जे समजावले ते मी शिक्षक असूनही कधी नीट समजून घेतले नव्हते. ऑक्टोबरनंतर जो घड दिसतो तो त्या वेळी तयार होत नाही; एप्रिलच्या छाटणीनंतर, उन्हाळ्यातच, तो काडीवरच्या डोळ्यात सूक्ष्म रूपाने घडतो आणि महिनोन्महिने कोणाला दिसत नाही. माल उतरल्यावर जे दिवस बाग नुसती उभी दिसते, त्या दिवसांत उरलेली पाने अन्न तयार करून खोडात आणि मुळांत साठवत असतात, आणि पुढच्या वर्षीचा घड त्याच साठ्यावर पोसला जातो. आमच्या त्या वर्षीच्या बिघाडाला ढगाळ हवेचाही हात असेल, पण विसावा मी हिरावून घेतला होता, हे मला नाकारता येत नाही.

त्यानंतर मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पुन्हा वाचायला घेतले, आणि या वेळी पाठांतरासाठी नव्हे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रत्येक दिवस संध्याकाळपासून मोजला आहे, म्हणजे दिवसाचा आरंभ झोपेने होतो. आणि सहाव्या दिवशी निर्माण झालेल्या माणसाला पहिला पूर्ण दिवस मिळतो तो विसाव्याचा, त्याने अजून काहीच केलेले नसताना. निर्गमाच्या पुस्तकात शब्बाथाचे, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवसाचे, कारण देवाचा विसावा असे दिले आहे, पण 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तीच आज्ञा येते तेव्हा कारण वेगळे आहे: तुम्ही मिसरात (इजिप्तमध्ये) दास होता हे आठवा, म्हणून तुमचे दास, बैल, गाढव आणि तुमच्या वेशीआतला परकाही विसावा घेवो. विसावा ही सुटलेल्या माणसाची खूण आहे. मी मात्र रविवारला आपल्या घरातला सर्वांत धाकाचा दिवस करून ठेवले होते.

"अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन," हे वचन तू पाच वर्षांचा असताना मी तुझ्याकडून घोटवून घेतले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात ते आहे, आणि बारावा अध्याय उघडताच भुकेले शिष्य शब्बाथ दिवशी कणसे मोडून खातात व परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारे यहूदी, त्यांचा दोष काढतात. हे दोन प्रसंग लागोपाठ आहेत याकडे इतक्या वर्षांत माझे लक्ष गेले नव्हते. त्या गोष्टीत मी कोणाच्या बाजूला उभा होतो, हे कळले त्या रात्री मला झोप लागली नाही.

विश्वास पुन्हा तपासणे म्हणजे तो सोडणे, असे मी मानत असे, आणि म्हणून तुझ्या प्रश्नांना घाबरलो. पण आपल्या शेजारच्या साताऱ्यात कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी काय केले ते पाहा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाने १९१७ साली, पन्नाशी उलटल्यावर, मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. ते ख्रिस्तापासून दूर गेले नव्हते, उलट त्याच्या अधिक जवळ जाण्यासाठी त्यांनी स्थिर आयुष्य मोडले.

माझे सगळे सुटले आहे असे समजू नकोस. संध्याकाळी अर्धा तास मी बागेच्या बांधावर काही न मागता बसतो. पहिले काही आठवडे मन सारखे त्या वहीकडे धावे, आणि अजूनही एखाद्या दिवशी आपण आळशी झालो आहोत असे वाटून मी उठून येतो. मार्काच्या शुभवर्तमानात बी टाकून रात्री झोपणाऱ्या शेतकऱ्याचा दाखला आहे; ते कसे उगवते हे त्याला कळत नाही आणि भूमी आपोआप पीक देते. त्या माणसासारखे झोपणे मी साठीनंतर शिकतो आहे. तुझ्या बाबतीतही मला तेच करायचे आहे. तू उपासनेला जातोस की नाही, हे मी यापुढे विचारणार नाही, आणि विचारले नाही म्हणून तुझी काळजी सोडली असे तू मानू नकोस. तुझे नाव मी रोज प्रभूपुढे घेतो.

यंदा मार्चच्या मध्याला माल उतरला, तेव्हापासून बागेला हलके पाणी देण्यापलीकडे काही केलेले नाही. खरड छाटणी १३ तारखेला, सोमवारी ठरवली आहे. रजा मिळाली तर शनिवारी रात्रीच्या गाडीने ये. रविवारी सकाळी तुला कोणी उठवणार नाही. मी उपासनेहून परत आलो की आपण दोघे बागेत जाऊ.

तुझे,
बाबा